तळ नसलेलं सूप

दोरखंडाच्या बंद वखारीपुढे त्या दुपारी इतकी गर्दी होती, की स्कूटर लावायला जागा शोधत माणसं थेट माझ्या चहाच्या दुकानापर्यंत आली. माझी तक्रार नव्हती. देव प्रकट झाला की माणसांचा घसा कोरडा पडतो, हे मी बरीच वर्षं पाहत आलेय. उदबत्तीवाल्याचं भलं होतं, फळवाल्याचं होतं, चहावालीचंही होतं. देव सोडून सगळ्यांच्या पदरात काहीतरी पडतं.

वखारीत लाल आसनावर चान बुवा बसले होते. डावा गाल टम्म फुगलेला, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मान खांद्यांत आत-बाहेर, आत-बाहेर. त्यांच्या अंगात कासव सेनापती येत.

"गालात काय आहे हो त्यांच्या?" मागच्या एका बाईनं विचारलं.

"सेनापती तिथंच बसलेत," शेजारणीनं हात जोडून सांगितलं.

पुढं आठवड्याभरात गाल उतरला, तेव्हा सेनापती पोटात गेले असं ठरलं. भक्तांकडं प्रत्येक गोष्टीला जागा असते.

चान बुवांची पोपटपंची मात्र नव्या धर्तीची होती. "मी कोण? कोणीच नाही! मी नळ, पाणी वरून येतं! दुसरे बुवा बडबडतात, मी बडबडतो का? मी सांगत नाही, सुचवत नाही, बोटसुद्धा दाखवत नाही. तुम्हीच विचारा, तुम्हीच कौल टाका! सेनापती हो म्हणतील नाहीतर नाही म्हणतील. यात माझी लबाडी कुठं शिरणार? सांगा, फट दाखवा!"

फट खरंच दिसत नव्हती. कौल लावायच्या त्या दोन लाकडी फोडी आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक आहेत. संत्र्याच्या फोडीसारखा आकार, एक बाजू सपाट, एक फुगीर. गुडघे टेकायचे, प्रश्न विचारायचा, फोडी जमिनीवर टाकायच्या. एक सपाट एक फुगीर वर आली, तर देव हो म्हणाला. दोन्ही फुगीर वर, तर नाही. दोन्ही सपाट वर आल्या, तर देव हसला. म्हणजे प्रश्नच नीट नाही, पुन्हा विचार. देवळात आपण पोराच्या परीक्षेसाठी टाकतो, मनाला बरं वाटतं, घरी येतो. चान बुवांनी त्याच फोडींचं दुकान मांडलं होतं.

पहिल्याच दिवशी क्वा काका पुढं सरसावले. क्वा काका म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली बिस्किटांची भट्टी. बैलाच्या जिभेसारखी लांबट, पातळ, गोड बिस्किटं. भट्टी आता त्यांची मुलगी ग्योक-लान चालवते, पण काका अजून दिवसभर तिच्यासमोर उभे राहून चुका काढतात.

काकांनी हात जोडले. "सेनापती, माझा गुडघा का दुखतो?"

चान बुवांची मान झटकन आत गेली. "का नाही! सेनापतींना 'का' विचारायचं नाही. 'का' हा प्रश्न माणसांचा. हो-नाहीचं विचारा!"

काका गोंधळले. तेवढ्यात मागून तेन ओरडला. तेन मासळीवाला, आवाज लिलावात कमावलेला. "काका, घोळ घालू नका! आधी जागा पक्की करा. दुखण्याचं कारण अंगात आहे का, असं विचारा!"

फोडी पडल्या. नाही.

"अंगात नाही!" गर्दी कुजबुजली.

"मग अंगाबाहेर आहे का?" तेननं काकांच्या वतीनं विचारून टाकलं.

हो.

आणि आमच्या गावाच्या डोळ्यांत जी चमक आली, ती पाहून चान बुवा क्षणभर कासव व्हायचं विसरले. बिचाऱ्याला कल्पना नव्हती आपण कुठल्या गावात येऊन पडलोय याची.

आमच्या गावाला 'कासवाच्या सुपा'चं व्यसन आहे. सूप नावालाच, खेळ आहे तो. एकानं विचित्र गोष्टीचं अर्धं टोक सांगायचं, बाकीच्यांनी हो-नाहीचे प्रश्न विचारत उरलेली गोष्ट शोधून काढायची. सांगितलेलं अर्धं ते 'वरचं सूप', लपवलेलं ते 'तळ'. सांगणाऱ्यानं तीनच उत्तरं द्यायची: हो, नाही, संबंध नाही. तैपेईतली पोरं म्हणे यासाठी तिकीट काढून दुकानात जातात. आमच्याकडं तो आला डॉक्टर खो बाईंच्या दाताच्या दवाखान्यातून. त्यांचं म्हणणं, खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला 'हं' आणि 'अंहं' यापलीकडं बोलता येत नाही. मग गप्पा मारायच्या तर अशाच. त्यांच्या पेशंटांना चटक लागली, आणि दर बुधवारी दुपारी माझ्या दुकानातल्या गोल टेबलाशी बैठक भरू लागली. तेन तिथला पट्टीचा खेळाडू. क्वा काका, मी, झालंच तर जो चहा मागवील तो.

अशा गावात हो, नाही आणि हसणारा देव उतरला. उंदरांच्या वाड्यात खोबऱ्याचं पोतं फुटावं, तसं झालं.

खो बाई तेवढ्या वखारीकडं फिरकल्या नाहीत. "दिवसभर उघड्या तोंडांना प्रश्न विचारते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मला मिटलेली तोंडं बघू द्या."

आम्ही बाकीचे रोज जाऊ लागलो. काकांच्या गुडघ्याचं सूप आमच्या टेबलानं हातात घेतलं.

"पायाखाली काही आहे का?" हो. "झोपायच्या खोलीत?" नाही. "भट्टीजवळ?" देव हसला.

"हसला म्हणजे शिजत आलंय!" तेननं मांडीवर थाप मारली. "काका, 'जवळ' नाही, 'खाली' विचारा!"

"भट्टीखाली?" हो.

गर्दी पुढं सरकली. "सोनं?" काकांचा आवाज चिरकला. नाही. सगळ्यांची तोंडं पडली.

"नुसतं सोनं नाही, असं म्हणतायत ते," मी म्हणाले. मला राहवलंच नाही. "पेटीत आहे का, ते विचारा."

हो.

असा गुडघ्यातून निघालेला प्रवास पेटीपर्यंत आला. जपानी राजवटीतल्या कोण्या अधिकाऱ्यानं पुरली का? हो. जपानी यायच्या आधीच पुरलेली होती का? हो.

दोन्ही हो! दुसरं एखादं गाव असतं तर इथं डोकं खाजवून घरी गेलं असतं. आम्ही कसले जातोय. तेननं डोळे मिटले, दहा श्वास घेतले आणि उडी मारली. "दोनदा पुरली! आधी चाच्यांनी. मग अधिकाऱ्याला सापडली, त्यानं पळायच्या आधी परत तिथंच पुरली!"

कौल टाकला. हो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चान बुवांनीसुद्धा वाजवल्या. मला वाटतं, मनापासून. एवढी चांगली गोष्ट त्यांना स्वतःला सुचली नसती.

संशय कोणालाच आला नाही असं नाही. तेनलाच आला. फोडींत शिसं भरलं असेल म्हणून त्यानं एक दिवस मासळी तोलायचा काटा आणून भर गर्दीत त्या तोलल्या. दोन्ही सारख्या. उलटून पाहिल्या, ठोकून पाहिल्या, शेजारच्या देवळातल्या फोडी आणून टाकून पाहिल्या. कशातच खोट नाही.

दुसऱ्या दिवसापासून चान बुवांच्या तोंडी नवं वाक्य आलं. "मासळीवाल्यानं काट्यावर तोलून दिलेला देव! आहे कुठं असा?"

गर्दी दुप्पट झाली.

आणि मग मुहूर्त निघाला. शनिवारी सकाळी भट्टी फोडायची. शुक्रवारी दुपारी भूमिशांती, आणि दक्षिणेचं लाल पाकीट शांतीच्या वेळीच द्यायचं, कारण सेनापतींना शनिवारी पहाटेच्या बसनं दक्षिणेकडं जायचं होतं. पेटी निघताना पाहायला थांबायची सेनापतींना हौस नव्हती. हा हिशोब मला तेव्हाच खटकायला हवा होता. पण माझं डोकं पेटीत अडकलं होतं.

त्याआधीच्या बुधवारी ग्योक-लान माझ्या दुकानात आली. हाताला पीठ, कपाळावर पीठ. ती गोल टेबलाशी येऊन उभी राहिली आणि एकेकाकडं पाहिलं.

"तेनदादा, त्यू मावशी, तुम्ही विचारून विचारून माझी भट्टी फोडायला काढलीत."

"आम्ही?" तेन म्हणाला. "अगं, सेनापतींनी..."

"सेनापती काय बोलले? 'हो' आणि 'नाही'. बाकी सगळं तुमच्या तोंडचं. पेटी मावशीच्या तोंडची, चाचे तुझ्या तोंडचे." ती पिठाचे हात टेबलावर टेकून वाकली. "आईनं त्या विटा स्वतः लावल्यात. आता तसा गवंडी मिळत नाही, तशा विटा मिळत नाहीत. पत्र्याच्या भट्टीत ही बिस्किटं होत नाहीत. बाबा म्हणतात, आपण श्रीमंत होणार, तुला भाजायची गरज नाही. मला श्रीमंत व्हायचं नाही. मला भाजायचंय!"

खो बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तिच्याकडं पाहत होत्या. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"लान, आज बिस्किटं उरलीत?"

"एक टोपलं भरून. सगळं गाव वखारीत असतं, विकत घेणार कोण?"

"सगळी आण. आणि बाबांनाही आण. त्यू, चहा ठेव, प्रत्येकाला. नवं सूप काढते."

क्वा काका आले, बसले. बिस्किटं आली, चहा आला. खो बाईंनी नेहमीसारखं खाकरून सुरू केलं.

"एक बाई रोज सकाळी रिकामी टोपली घेऊन धक्क्यावर जाते. बोटी बघते, हसते, आणि रिकामी टोपली घेऊन परत येते. एके दिवशी ती टोपली भरून घरी आली आणि रडत बसली. का?"

तेननं कप उचलला. "बाईचा नवरा खलाशी?"

"हो."

"मेला?"

"हो."

"टोपलीत मासळी होती का?" काकांनी कप खाली ठेवून गुडघा चोळत विचारलं.

"नाही."

"ती नवऱ्याची वाट बघायला जायची?" मी विचारलं. तोंडात बिस्किट होतं.

"संबंध नाही."

"वाट बघण्याचा संबंध नाही!" तेननं कप हवेत नाचवला. "मग हसायची का? कळलं! तो मेला म्हणून हसायची. नवरा मारकुटा होता का?"

"हो."

"सुटली बिचारी," काका म्हणाले.

"थांबा, थांबा," तेन कप तसाच वर धरून म्हणाला. "मग एके दिवशी तो परत आला का?"

"हो."

मेलेला परत कसा येईल? मी किटली घेऊन तशीच उभी राहिले. आणि क्वा काकांनी, ज्यांनी आजवर एकही सूप सोडवलं नव्हतं, कप उचलून घटाघटा चहा संपवला आणि कप हातात धरूनच गर्जना केली. "जुळा भाऊ!"

"हो," खो बाई म्हणाल्या.

काय जल्लोष झाला म्हणता! तेननं काकांना मिठी मारली. मग तर पुढचं सरसर आलं. टोपलीत त्या भावाचे कपडे होते. भाऊही तसलाच मारकुटा होता. बाईनं नवऱ्यापासून सुटका व्हावी म्हणून देवाला टोपलीभर फळं कबूल केली होती आणि दिली नव्हती, म्हणून हे घडलं. काकांनी डोळे पुसले. "काय नशीब एकेकीचं!"

माझं लक्ष मात्र दुसरीकडंच गेलं होतं. मी चहावाली आहे. माझे डोळे माणसांच्या तोंडाकडं नाही, कपांकडं असतात. कोणाचा भरला, कोणाचा संपला. आणि मला दिसलं, की खो बाईंचेही डोळे तिथंच आहेत. कोणी प्रश्न विचारला की त्या त्याच्या चेहऱ्याकडं बघतच नव्हत्या.

मी किटली ठेवली, बसले, माझा कप टेबलावर ठेवला. "डॉक्टर, ही बाई खरंच बाई आहे का?"

"नाही."

तेन चमकला. मी कप उचलला. "ही बाई खरंच बाई आहे का?"

"हो."

मी बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला. "ही फाही फरंच फाही आहे का?"

"संबंध नाही," म्हणत खो बाई हसू लागल्या, इतक्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

"कप हातात असला की हो," मी म्हणाले. "कप खाली, तर नाही. तोंडात बिस्किट, तर संबंध नाही."

"पण मग तळ काय?" तेननं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर अजून आशा होती. "जुळा भाऊ तर बरोबर आहे ना?"

"जुळा भाऊ क्वा काकांचा."

"मारकुटा नवरा?"

"तो तुझा. तूच घेऊन आलास, तूच घेऊन जा. माझ्याकडं तळ नव्हताच रे. धक्का, टोपली आणि बाई, एवढंच मला सुचलं होतं. बाकी सगळं पातेलं तुम्ही भरलंत. मी नुसती मान हलवत होते."

मग त्या काकांकडं वळल्या. आवाज मऊ केला. "काका, भट्टीखालची पेटी कोणी भरली?"

काकांनी रिकामा कप उचलला, आत पाहिलं, खाली ठेवला. लान त्यांच्या मागं उभी होती, श्वास धरून. पण काका उठले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही माणूस. माणूस टेबलावर बसून थट्टा करतं. देवाला तळ ठाऊक असतो."

"मग देवालाच विचारू," खो बाई म्हणाल्या. "ज्याचा तळ मलाही ठाऊक आहे, असं काहीतरी. लान, बिस्किटांचा एक रिकामा डबा दे."

शुक्रवारी भूमिशांतीला वखार खचाखच भरली होती. चान बुवांचा गाल आता नीट बसला होता, रंगही आला होता. खो बाईंनी चिकटपट्टीनं बंद केलेला डबा आसनापुढं ठेवला.

"यात काय आहे, ते मला ठाऊक आहे. सेनापतींनाही असणारच. गावाला विचारू द्या."

चान बुवांची मान आत गेली ती बाहेर येईना. "सेनापती खेळ खेळत नाहीत!"

"चाच्यांची पेटी जमिनीतून दिसते त्यांना," खो बाई म्हणाल्या. "हा तर पत्र्याचा डबा."

गर्दीला हे फार पटलं. "विचारू द्या! विचारू द्या!" आणि खुद्द क्वा काकांनी हात जोडले. "बुवा, होऊन जाऊ द्या. डॉक्टरांचं तोंड बंद होईल, आणि उद्या मी निर्धास्त मनानं पहार उचलीन."

लाल पाकीट काकांच्या खिशातून अर्धं बाहेर डोकावत होतं. चान बुवांनी त्याच्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, आणि मान डोलावली.

कौल काकांनीच टाकला. प्रश्न तेननं विचारले, आणि विचारावं तर त्यानंच. समुद्रातली वस्तू आहे का? हो. मासा? नाही. शिंपला? देव हसला. शिंपला नाही पण तसलंच? हो. लाल? हो. बाईमाणसाची? हो. डोक्यात घालायची? हो.

"पोवळ्याची केसांतली पिन!" तेन किंचाळला. हो.

"माझ्या आईची होती तसली," काका पुटपुटले. "ती हरवली होती." आणि त्यांनी विचारलं, "माझ्या आईची?" हो.

पन्नास बायांनी एकदम डोळ्याला पदर, म्हणजे आमच्याकडं बाही, लावली. चान बुवांची मान खांद्यांतून पुरती बाहेर आली. इतकी लांब मी ती कधी पाहिली नव्हती.

"आता माझा एक प्रश्न," लान पुढं आली. तिनं फोडी उचलल्या. "ही वस्तू इथं बसलेल्या कोणाची आहे का?"

दोन्ही फुगीर वर. नाही.

खो बाईंनी चिकटपट्टी सोडवली आणि डबा काकांपुढं धरला. काकांनी आत पाहिलं. मग तेननं. मग मी.

आत कापसावर एक दात होता. दाढ. काळी पडलेली, मधोमध भोक, त्या भोकात गावातलं एखादं झुरळ सहज राहील.

"कोणाचा?" तेननं विचारलं.

"पेशंटचं नाव डॉक्टर कधी सांगत नाही," खो बाई म्हणाल्या.

तेवढ्यात आसनावरून आवाज आला. कासवाचा नाही, साधा, घाबरलेल्या माणसाचा. "अहो, तो तर फेकून दिला म्हणाला होतात तुम्ही!"

सगळ्या माना चान बुवांच्या डाव्या गालाकडं वळल्या, आणि बुवांचा हात आपोआप गालावर गेला.

"देवा रे," तेन म्हणाला. "सेनापती जिथं बसले होते, तीच खुर्ची ही!"

हशाचा असा काही लोट उसळला की उदबत्त्यांची राख उडाली. चान बुवा हात वर करून ओरडत होते, "सेनापती थट्टा करतायत! देव हसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे ना!" पण आता देव हसला काय आणि नाही काय, ऐकतो कोण.

काका मात्र हसत नव्हते. खो बाई त्यांच्याशेजारी खाली बसल्या आणि दोन नाणी काढली. "काका, ही उडवा. दोन्ही छाप पडतील, दोन्ही काटा पडतील, किंवा एक छाप एक काटा. पण एक-एक पडायच्या वाटा दोन: ह्याचा छाप त्याचा काटा, नाहीतर उलट. म्हणून तेच सगळ्यांत जास्त पडतं. तेच तुमचं 'हो'. देव आधीच 'हो'कडं झुकून बसलाय. त्यातून 'नाही' आलं की आपण प्रश्न बदलतो. हसला की पुन्हा विचारतो. 'हो' आलं की तेवढंच धरून ठेवतो. फोडींत खोट नव्हतीच. तेननं फोडी तोलल्या. तोलायचे होते ते प्रश्न."

"पण पेटी..." काका म्हणाले.

"पेटीचं राहू द्या. मी देवाला नाही, तुम्हाला विचारते, आणि हो-नाहीचं नाही विचारत. भट्टीखाली काय आहे?"

"शिंपल्या," काका चटकन म्हणाले. "कालवांच्या शिंपल्या, आणि एक फुटकी बरणी."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? पाया मीच खणला होता की! लानच्या आईनं विटा लावल्या, खड्डा मी..."

आणि ते थांबले. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. खो बाईंना सवय आहे तसल्या तोंडांची, त्या शांतपणे बघत राहिल्या. इतके दिवस अख्खं गाव देवाला विचारत होतं भट्टीखाली काय आहे, आणि जो माणूस त्या खड्ड्यात उतरला होता, तो स्वतःच गुडघे टेकून कौल टाकत होता. त्याला कोणी विचारलं नाही. त्यानंही स्वतःला विचारलं नाही.

लाल पाकीट खिशात पूर्ण आत गेलं. चान बुवांनी पहाटेच्या बसची वाट पाहिली नाही, दुपारचीच पकडली. नावाप्रमाणे खो बाईंनी बुवांच्या धंद्याला खो घातला, आणि कासवाच्या त्या सुपाचं सूप वाजलं.

शनिवारी सकाळी, भट्टी फोडायच्या मुहूर्तावर, लाननं ती पेटवली. मी मुद्दाम गेले होते. काका पहार हातात घेऊन विटांसमोर उभे होते, पण ती टेकायला घेतली होती.

"लान," ते म्हणाले, "माझा गुडघा का दुखतो गं?"

"तुम्ही दिवसभर ओल्या फरशीवर उभे राहून माझ्या चुका काढता म्हणून," लान म्हणाली. "सोमवारी हाडांच्या डॉक्टरकडं जायचं, मी नंबर लावलाय. आणि आता त्या खुर्चीवर बसा. बसूनही चुका काढता येतात."

काका बसले. पहिल्याच ट्रेमध्ये त्यांनी दोन चुका काढल्या.

तेव्हा सांगायचं ते एवढंच. कौल टाका, उदबत्ती लावा, मन हलकं होत असेल तर माझं काय जातं. माझा चहा खपतो. पण घर फोडायच्या, मुलीचं पोट मारायच्या, औषध थांबवायच्या आधी दोन गोष्टी तपासा. एक, याचा तळ कोणी डोळ्यांनी पाहिलाय, की पातेलं आपणच भरतोय? आणि दुसरी, जो कोणी म्हणेल की 'का' विचारायचं नाही, तिथून पायताण घालून उठा. आपल्या हुशारीवर फार विसंबू नका; आमच्या गावात मूर्ख माणसं फसली नाहीत, कोडी सोडवणारी फसली. हुशार माणूस खोट्याला ठिगळ लावतो आणि ठिगळाच्या प्रेमात पडतो.

तेन अजून दर बुधवारी खो बाईंना एकच विचारतो. "ते सोडा डॉक्टर, पण खरं सांगा, त्या बाईच्या टोपलीत होतं काय?"

खो बाई त्याच्या हाताकडं बघतात. आता तो विचारण्याआधी कप उचलून धरतो.